खालच्या टाकीचं पाणी

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

ही डायरी कंपनीने निरोपाच्या दिवशी दिली. शाल, श्रीफळ आणि ही, वर सोनेरी अक्षरांत माझं नाव : सोपान गेनभाऊ कड. आठ दिवस कपाटात पडून होती. पण एकतीस वर्षं चाकणच्या कारखान्याच्या शॉपमध्ये रोज लॉगबुक लिहिलंय. मशीन गार ठेवायचं पांढरं पाणी असतं, कूलंट, त्याचे पंप, टाक्या, फिल्टर हेच माझं खातं. कुठे गळती, कुठे चोक. लिहिलं नाही तर हाताला खाज सुटते.

आज सूनबाई, स्वरूपा, जर्मनीला गेली. कंपनीचं ट्रेनिंग, सहा आठवडे. जाताना तिने खाऱ्या पाण्याची फिशटँक माझ्या ताब्यात दिली. नवऱ्याच्या नाही, माझ्या. म्हणाली, "रविराज हो म्हणेल आणि विसरेल. आप्पा, तुम्ही नाही म्हणाल, पण विसरणार नाही."

मी नाही म्हणालो. मग सगळं ऐकून घेतलं.

रावेतच्या सातव्या मजल्यावर समुद्र पाळायचं हे खूळ मला कधीच पटलेलं नाही. पण पोरगी रत्नागिरीची, तिला त्याशिवाय करमत नाही. वर चार फुटी काच, त्यात मासे आणि प्रवाळ. खाली कपाटात दुसरी टाकी, तिचे तीन कप्पे. वरचं पाणी पाइपने खाली येतं, कप्प्यांतून जातं, शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. इथवर माझ्या डाव्या हाताचा मळ. मधल्या कप्प्याला ती रेफ्युजियम म्हणते. त्यात हिरव्या शेवाळाचा गुंता, दगड, वाळू आणि अगदी संथ पाणी. मोठ्या माशांपासून लपून तिथे बारीक जीव वाढतात, पाण्याबरोबर वर जातात आणि मासे ते टिपतात. बाकीचे मासे डबीतलं खातात, पण एक आहे ती डबीकडे ढुंकून बघत नाही. हिरवी, निळी, मधे नारिंगी वळणं. शालनने, म्हणजे आमच्या मंडळींनी, तिचं नाव पैठणी ठेवलंय.

स्वरूपा दोनदा म्हणाली, "बाकी काही चुकलं तरी चालेल. हिचं खाणं खालून येतं, तेवढं लक्षात ठेवा."

मी म्हणालो, ठेवलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

पहिली पाहणी. वरची टाकी ठीक. तापमान २६. पंपाचा आवाज बरोबर.

मधला कप्पा बघून मात्र डोकं फिरलं. पाणी जवळजवळ उभं. तळाला गाळ, काचेवर लव, शेवाळात काय काय अडकलेलं. अहो, शनिवारी-रविवारी शॉप बंद राहिलं की सोमवारी सकाळी मशीनच्या टाकीला जी घाण मारायची, ती कशाने? उभ्या पाण्याने! पाणी थांबलं की कुजलं, हे मी दोनशे पोरांना शिकवलंय. आणि माझ्याच घरात ही तऱ्हा.

त्या कप्प्याकडे जाणाऱ्या पाइपला व्हॉल्व्ह आहे, तो जेमतेम किलकिला होता. पूर्ण उघडला. व्हॉल्व्हवर कसलातरी लाल ठिपका वाळलेला होता, तोही ब्लेडने खरवडून टाकला. पाणी असं सुटलं म्हणता! गाळ उठला, शेवाळाचा गुंता गरागरा फिरायला लागला. उठलेला गाळ पंपात जाऊ नये म्हणून कप्प्याच्या तोंडाला नमद्याची गाळणपिशवी बांधली, शॉपमध्ये लावायचो तशीच. आता रोज सकाळी पिशवी नळाखाली धुवायची. अर्ध्या तासाचं काम.

लय दिवसांनी हात ओले झाले. बरं वाटलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पिशवी धुतली. भरपूर घाण निघाली. मधला कप्पा आरसा झालाय.

स्वरूपाचा फोन. म्हणाली, "आप्पा, खालचं पाणी हळूच जातंय ना?" म्हटलं, "झकास जातंय, तू काळजी करू नको." खालचा फोटो मागत होती. खाली काय बघायचं? वरचा पाठवला, मासे छान दिसत होते.

रविवार, १६ फेब्रुवारी

पिशवी धुतली. आज घाण कमी. म्हणजे आपली पद्धत लागू पडली.

रविराजला दाखवलं. "भारी, आप्पा," म्हणाला. मोबाइलमधून मान वर न काढता.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

शालन टाकीपुढे उभी राहून म्हणाली, "अवो, पैठणीचं पोट आत गेलंय."

मी म्हणालो, "पोट आत गेलेलं चांगलंच. तू पण शिक जरा तिच्याकडून."

दुपारचा चहा मिळाला नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

गेलंय पोट आत. खरंच. पूर्वी दिवसभर दगडावर टुचटुच चोची मारत फिरायची. आज तासभर बसलो समोर. फिरते, थांबते, बघते, पुढे जाते. टोचत नाही. टिपायला काही नसेल तर टोचणार तरी काय, असं मनात आलं. पण मग वाटलं, खालून तर पाणी धो धो जातंय, खाणं जात नसेल कसं?

पंप तपासला. ठीक. पिशवी धुतली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. शालनने भगरीचा घास हातात धरला आणि म्हणाली, "आपला उपास उद्या सुटंल. हिचा कवा सुटायचा?"

मी ताट सरकवून उठलो. गोठवलेली कोळंबी बारीक करून सुईच्या टोकाने तिच्यापुढे धरली. डबीतले दाणे टाकले. कोळंबीचं पाणी टाकलं. तिने सगळ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. पाठीचा काटा वरून दिसायला लागलाय. मासा तो केवढा, अंगठ्याएवढा. त्यात काय उरणार आहे?

संध्याकाळी स्वरूपाने विचारलं, "पैठणी कशी आहे?"

मी म्हणालो, "मजेत."

ती म्हणाली, "खालचा फोटो पाठवाल?" मी म्हणालो, उद्या, आणि वरचाच पाठवला. फोन ठेवल्यावर शालन माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, एवढ्या लांब पोरगी, तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा? "व्हय, तिच्याचसाठी बोललासा खोटं," म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

खोटं बोललो हे खरं. एकतीस वर्षांत लॉगबुकमध्ये एक ओळ खोटी लिहिली नाही. पंप जळला तर जळला लिहिलं, माझ्या हाताने जळला तर तसं लिहिलं.

शनिवार, १ मार्च

आज सकाळी गॅलरीतल्या नळाखाली पिशवी धुवायला बसलो. ऊन थेट हातावर. पिशवी उलटी केली तर त्या चिमूटभर गाळात काहीतरी हललं. म्हटलं, डोळ्याचा भास. बेअरिंगवरचे ओरखडे बघायचं माझं जुनं भिंग आणलं.

ठिपके. पांढरे, मिठाच्या कणाहून बारीक. पळत होते, उड्या मारत होते. दहा-बारा असतील.

नळ तसाच चालू राहिला आणि मी तिथेच बसलो. बारीक जीव शेवाळात वाढतात, पाण्याबरोबर वर जातात. वर जाताना वाटेत माझी पिशवी. पिशवीत अडकले की नळाचं गोडं पाणी आणि मोरी. एकोणीस दिवस, रोज सकाळी, नेमाने. मी तिचं भरलेलं ताट उचलून मोरीत ओतत होतो आणि वर "आज घाण कमी" म्हणून लिहीत होतो. घाण कमी होत नव्हती, सोपानराव. अन्न संपत आलं होतं.

पिशवी काढून फेकली. व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला. मग भीती वाटली, सगळंच बंद केलं तर उरलेसुरले पण मरतील. थोडा उघडला. पण थोडा म्हणजे किती? आणि तेव्हा तो लाल ठिपका आठवला. नेलपॉलिशचा होता तो. तिने खूण करून ठेवली होती आणि मी ती डाग म्हणून खरवडली.

इतका गाढवपणा शॉपवर नवख्या पोरानेही केला नसता. त्याने आधी विचारलं असतं.

रविवार, २ मार्च

सकाळी रविराजला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच ना? आकुर्डीच्या दुकानात असले मासे मिळतात. दुसरी आणून टाका. स्वरूपाला कळणार पण नाही."

मी त्याला दोन शब्द सुनावले. आणि तासाभराने गेलो की आकुर्डीला. खोटं कशाला लिहू? दुसरी आणायलाच गेलो होतो. वाटेत स्कूटरवर वाक्यं पण जुळवत होतो, पैठणी जरा टवटवीत झालीय वगैरे.

दुकान समाधान नावाच्या एका लातूरकडच्या माणसाचं. तिथे काचेत एक होती, अगदी तशीच, पोट भरलेली. मी बोट दाखवलं. त्याने विचारलं, "काका, किती दिवसाची टाकी हाय तुमची? खाली पॉड हायत का?" म्हणजे ते ठिपके. मी म्हणालो, होते. मग काय, सगळं ओकलो. पिशवीसकट.

तो हसला नाही. म्हणाला, "मासा बदलून काय व्हायलंय, काका? ताटच रिकामं हाय, ती बी उपाशीच मरंल की. आन् पाणी तेवढं पळवलं तर त्या जिवानं टिकायचं कुठं?"

त्याने स्वतःच्या टाकीतलं मूठभर शेवाळ पिशवीत भरून दिलं. भिंगातून बघितलं, ठिपक्यांनी गजबजलेलं. निघताना म्हणाला, "पर पाणी किती ठेवायचं ते सुनंला विचारा. टाकी-टाकीचं येगळं असतंय."

स्कूटरच्या हुकाला समुद्राची पिशवी अडकवून वीसच्या स्पीडने घरी आलो. शेवाळ सोडलं. फोन हातात घेतला, ठेवला. पुन्हा घेतला. शालन म्हणाली, "करा की. खाणार हाय का ती तुमाला?"

केला. एका दमात बोललो. व्हॉल्व्ह, पिशवी, मोरी, ठिपका, मजेत आहे म्हणालो ते. दुसरी आणायला गेलो होतो तेसुद्धा. 

मग म्हणाली, "एक लिटरचा मग घ्या. मधल्या कप्प्यात पाणी पडतं त्या पाइपखाली धरा. किती सेकंदांत भरतो?"

धरला. "नऊ."

"वीस लागायला हवेत. बंद करत या. हळू."

चौदा. सतरा. एकवीस. पुन्हा केसभर उघडला. वीस.

"आता हात काढा," म्हणाली. मी हात काढला.

मग म्हणाली, "आप्पा, मला चार दिवसांपासून संशय होता. फोटोत तिचं पोट दिसत होतं. खालचा फोटो दोनदा मागितला मी."

"मग सरळ ओरडायचंस की!"

"तुमच्यावर?"

"माझ्यावर नाही तर कुणावर? चूक दिसली की ओरडायचं. मी प्लांट मॅनेजरवर ओरडलोय."

मग तिने खरंच आवाज चढवला. "आप्पा, ती पिशवी कुणी सांगितली होती लावायला? मी दोनदा सांगून गेले होते ना, हिचं खाणं खालून येतं म्हणून? आणि मजेत काय, मजेत? ती उपाशी मरतेय आणि तुम्ही मला मजेत सांगता?" असं पाच मिनिटं. शेवटी रडली पण. मीही डोळे पुसले, शालनकडे पाठ करून.

फोन ठेवला आणि छातीवरचा दगड उतरला. मासा वाचतो की नाही देव जाणे, पण आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

सोमवार, ३ मार्च

मग : २० सेकंद. शेवाळ फिरत नाही, नुसतं डुलतंय. पैठणी दगडाआड बसून आहे.

खालचा फोटो पाठवला. उत्तर : "शेवाळावरचा दिवा का बंद आहे???" तीन प्रश्नचिन्हं. लावला.

गुरुवार, ६ मार्च

मग : २० सेकंद. आज तिने टोचलं! सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, डाव्या दगडावर, दोनदा. शालनला हाक मारली, ती पोळी तव्यावर टाकून आली. तोवर तिसऱ्यांदा टोचलं. पोळी करपली, तशीच खाल्ली.

रविवार, ९ मार्च

दोन दिवस जिवाला घोर. पुन्हा कमी टोचतेय. स्वरूपाला फोन केला, लपवलं नाही. ती म्हणाली, खाली पुरेसे वाढायला वेळ लागतो, समाधानकडून आणखी एक मूठ आणा आणि ती वरच्या टाकीत जाळीच्या डबीत ठेवा, म्हणजे तिला दारातच मिळेल. आणलं. समाधानला घरच्या शेतावरची मेथीची जुडी दिली तर कोण आनंद झाला त्याला.

आणि हो, उलट्या बाजूने डबी लावली म्हणून बोलणी खाल्ली. बरोबर होतं तिचं.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. खाली सोसायटीत रंग चाललाय, इथे आम्ही दोघं टाकीपुढे खुर्च्या टाकून. मिनिटाला अकरा टोचण्या. मी मोजल्या, शालननेही मोजल्या. तिच्या तेरा भरल्या. अकराच होत्या.

शालन म्हणाली, "दोन आठवडं झालं, रोज सुनंची बोलणी खातायसा, आन् फोन ठिवला की हसतायसा. येड लागलंय का तुमाला?"

हसत बिसत नाही मी. पाण्याचं काम बरोबर चाललं की माणसाचा चेहरा बरा दिसतो, इतकंच.

बुधवार, १९ मार्च

मग : २० सेकंद. काटा दिसत नाही. पोट सपाट नाही, गोल आहे. गोल! भिंगातून बघितलं, नुसत्या डोळ्यांनी बघितलं, रविराजला मोबाइल खाली ठेवायला लावून बघायला लावलं. तो म्हणाला, "आयला, खरंच की." मग त्याने स्वतः खालचं कपाट उघडलं आणि विचारलं, "आप्पा, हे वीस सेकंद म्हणजे नेमकं कसं मोजायचं?" शिकवलं. पोरगा आहे हुशार, कुणी मगासमोर उभाच केला नव्हता.

वाचली. लिहायला भीत होतो, आज लिहितो. पैठणी वाचली.

रविवार, २३ मार्च

स्वरूपा आली. दुपारी साडेबाराला बॅग दारातच टाकली आणि चप्पल न काढता टाकीपुढे उकिडवी बसली. शालन एरवी चपलेवरून घर डोक्यावर घेते, आज पाण्याचा तांब्या घेऊन गप उभी. पैठणी दगडामागून आली, दोन टोचण्या मारल्या, पोट मिरवत निघून गेली. स्वरूपाने काचेला कपाळ टेकवलं. मग कपाट उघडून खाली बघितलं आणि म्हणाली, "आप्पा, मी ठेवायचे त्यापेक्षा शेवाळ छान आहे." मी म्हटलं, तीन वेळा ओरडलीस त्यावरून, छान नसेल तर काय होईल?

जेवताना ती म्हणाली, "जूनमध्ये ट्रेनिंगचा दुसरा भाग आहे. आठ आठवडे. मी हो म्हणून कळवलंय."

रविराज म्हणाला, "कधी कळवलंस? तू तर जाताना म्हणत होतीस, दुसऱ्यांदा नाही जमणार, घर सोडून एवढे दिवस जीव राहणार नाही."

"आप्पांचा फोन आला ना, रविवारी. त्याच संध्याकाळी."

मी घास हातातच धरला. "पिशवीचा फोन? अगं, त्या दिवशी तर मासा मरायला टेकला होता. मी कबूल केलं आणि तू एवढी ओरडलीस!"

"हो ना," ती म्हणाली आणि भाकरी मोडून कालवणात बुडवायला लागली. शालन मान खाली घालून हसली. काय कळलं तिला कोण जाणे.

या पोरीचा हिशेब मला काही उमगत नाही. पैठणी ठणठणीत होती तेव्हा नाही म्हणाली, आणि मी तिला मारायला निघालो होतो त्या दिवशी हो म्हणाली. असो. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस, रोज एक मग.

म्हटलं, जा तू. मी आहे इथे.